दारात सापडलेलं बोट

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि आपल्या घराचं दार आठवा. त्याचा रंग आठवा, कडी आठवा, संध्याकाळी ते लावताना होणारा आवाज आठवा. आठवलं? आता ते दार मनातल्या मनात काढून टाका. भिंती राहू द्या, चौकट राहू द्या, फक्त दार नाही. बाहेर रस्ता आहे, रस्त्यावर अनोळखी माणसं आहेत, आणि आत तुम्ही एकटेच बसून गणितं सोडवताय. कसं वाटतं?

नागपूरजवळ वाडीला, अमरावती रोडच्या आतल्या अंगाला, जिथे गोदामांच्या रांगा संपतात तिथे अशीच एक तीन मजली इमारत होती. सहा वर्षं ती अर्धवट उभी होती. सगळ्या खोल्यांना लाकडी चौकटी बसल्या होत्या, पण दार एकीलाही नव्हतं. रंग झाल्यावर दारं लावायची होती, आणि रंगाची वेळ काही येत नव्हती. तळमजल्यावरच्या एका खोलीत प्रेमिला, तिचा नवरा मुकुंद आणि मुलगी मयुरा राहत असत. मुकुंद त्या इमारतीचा चौकीदार. भाडं द्यावं लागत नव्हतं, टाकीचं पाणी होतं, एक दिवा आणि एक पंखा होता. दाराच्या जागी प्रेमिलाने शिवलेला पडदा होता.

त्या गुरुवारी दुपारी प्रेमिला खोलीबाहेर उभी होती, उजवा हात छातीशी धरून. हाताला मनगटापर्यंत पांढरी पट्टी होती. आणि तिच्या डोळ्यांसमोर तिच्याच घराला दार बसत होतं.

"थोडं वर घे गा! अजून! हाव, आता मार स्क्रू," दुर्गेश सुताराला सांगत होता.

दार हिरवं होतं, जुनं होतं, कोणाच्या तरी पाडलेल्या घराचं. चौकटीत मावत नव्हतं म्हणून सुताराने त्याची एक कड रंध्याने तासली होती. तासलेल्या जागी आतलं पांढरं लाकूड दिसत होतं आणि पायरीवर भुशाचा ढीग पडला होता.

"दुर्गेशभाऊ, हे कशाले?" प्रेमिलाने विचारलं.

"कशाले म्हणजे? तुमचं बोट कुठं सापडलं, वहिनी?"

"दारात."

"कोणत्या दारात?"

प्रेमिलाने सुताराच्या हातातल्या दाराकडे पाहिलं.

"तेच तर!" दुर्गेशने कपाळावरचा घाम पुसला. "परवा विमा ऑफिसातून मॅडम येऊन राहिली. घर पाहीन म्हणते. दारात बोट सापडलं सांगता, अन् घराले दारच नाही. मंग काय दाखवसान तिले? परदा?"

सुतार फिसकन हसला. दुर्गेशही हसला, पण त्याचं हसू लगेच विरलं. तोही घाबरलेलाच होता. तीस-बत्तीस वर्षांचा, प्रेमिला कामाला होती त्या गोदामातल्या पॅकिंगचा सुपरवायझर. त्याच्या वरती ठेकेदार साहेब, आणि साहेबाचा फोन दर अर्ध्या तासाने त्याच्या खिशात थरथरत होता.

"चला, म्हणा पाहू एकदा," तो म्हणाला. शाळेत तोंडी परीक्षेला उभं करावं तसं त्याने प्रेमिलाला उभं केलं.

"त्या मंगळवारी सकाळी कामावर जायच्या आधी... घरी दार लावून राहिली होती... वारा आला... अन् बोट सापडलं."

"दोन बोटं."

"दोन बोटं सापडली."

"अस्सं. अन् बोलताना खाली नका पाहू. खाली पाहिलं की माणूस खोटं बोलते असं वाटते." मग त्याने आवाज उतरवला. "साहेबानं सांगतलं, दार ठेवून घ्या म्हणा, परत नाही मागत. पण बोलण्यात फरक पडला, वहिनी, तर दार बी जाईन अन् चौकट बी जाईन. ज्या छताखाली झोपता ना, ते साहेबाचंच आहे. मुकुंदभाऊची चौकीदारी बी साहेबाचीच."

हे त्याने सांगायची गरज नव्हती. तीन आठवड्यांपासून प्रेमिला रोज सकाळी डोळे उघडायची ते हाच विचार घेऊन.

तेवढ्यात फाटकातून मयुरा आली. अकरा वर्षांची, दोन वेण्या, पाठीवर दप्तर. ती दार पाहून जागच्या जागी थांबली, आणि मग धावतच सुटली.

"आई! आपल्या घराले दार!"

तिने कडी वाजवली. दार आत ढकललं, ओढलं, पुन्हा ढकललं. आत जाऊन कडी लावली आणि आतूनच ओरडली, "आई, उघडून दाखव पाहू! नाही उघडत न?"

प्रेमिलाने डाव्या हाताने दार ढकललं, ते उघडलं नाही. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ती गोदामात होती, मुकुंद मागच्या बाजूला मोटर सुरू करायला गेला होता, आणि मयुरा खोलीत एकटी होती. कुणीतरी पडदा वर उचलला. अनोळखी माणूस. तो काही बोलला नाही, आत आला नाही, नुसता उभा राहून पाहत राहिला आणि मग पडदा सोडून निघून गेला. एवढंच झालं. पण त्या दिवसापासून मयुरा खोलीत असली की पाठ कोपऱ्यातल्या भिंतीला लावून, तोंड पडद्याकडे करून बसायची. अभ्यास तसाच, जेवण तसंच. गेल्या वाढदिवसाला काय पाहिजे विचारलं, तर म्हणाली होती, "दार." मुकुंदने साहेबाला विचारलं होतं. माझ्या इमारतीला हात लावायचा नाही, असं उत्तर आलं होतं.

कडी निघाली. मयुरा बाहेर आली, गाल लाल झालेले.

"काका, हे आपलंच आहे? परत नाही न नेणार?"

"तुयंच आहे," दुर्गेश खाली वाकून म्हणाला. "पण मले एक सांग. तुया आईचं बोट कुठं सापडलं?"

"गोदामात. पट्टीच्या मशीनीत."

दुर्गेशने प्रेमिलाकडे पाहिलं. सुताराने उगाच खोकल्यासारखं केलं.

"नाही बेटा," दुर्गेश म्हणाला. "या दारात सापडलं."

मयुराने दाराकडे पाहिलं, मग आईकडे.

"पण हे तर आता..."

"काका म्हणतात तसंच सांगायचं," प्रेमिला म्हणाली.

तिने मयुराला आजवर खूप काही शिकवलं होतं. भाकरी थापायला शिकवली, भिवापूरकडच्या तिच्या माहेरी मिरच्या खुडतात तशा डोळ्याला हात न लावता खुडायला शिकवल्या, ट्रकच्या मागून कधी रस्ता ओलांडायचा नाही हे शिकवलं. खोटं बोलायला शिकवायची ही पहिली वेळ होती. मयुराने मान हलवली आणि ती भुसा झाडायला खराटा आणायला गेली.

जाता जाता दुर्गेशने जुना पडदा चौकटीवरून ओढून काढला आणि भुशाच्या ढिगावर टाकला. "हे जाळून टाका," तो म्हणाला. पण सहा वर्षं उपयोगाला आलेली वस्तू अशी कोण जाळतं? मयुराने पडद्याची घडी केली आणि खाटेखाली सरकवून दिली.

*

खरं काय झालं होतं, ते आता सांगायला हवं.

प्रेमिला ज्या गोदामात कामाला होती, तिथे मोठ्या शहरांतून आलेला माल छोट्या डब्यांत भरून गावोगावी पाठवत. डबा भरला की तो एका मशीनखाली सरकवायचा. मशीन त्याच्याभोवती प्लास्टिकची पट्टी ओढून घट्ट करतं, चिकटवतं आणि कापतं. त्या मशीनला पुढे एक लोखंडी जाळी असते. जाळी बंद असली तरच मशीन चालावं, म्हणजे कुणाचा हात आत जाणार नाही, अशी ती रचना. पण जाळी दर वेळी उघडायची आणि लावायची म्हटली की वेळ जातो. दिवाळीच्या गर्दीत साहेबाने ती काढून ठेवायला सांगितली. दिवाळी गेली, संक्रांत गेली, होळी आली. जाळी कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती, आणि बाया तिच्यावर आपले दुपट्टे वाळत टाकत होत्या.

प्रेमिलाचा हात त्या कामात असा बसला होता की ती मशीनकडे न पाहता डबे सरकवायची. पाच वर्षांत एक डबा तिरका गेला नव्हता. त्या मंगळवारी सकाळी मात्र डब्याचा कोपरा अडकला, तिने तो सरळ करायला हात घातला, आणि पट्टी तिच्या दोन बोटांभोवती आवळली. तिला सगळ्यात जास्त आठवायचं ते हे, की मशीनचा आवाज जराही बदलला नाही.

दुर्गेश तिला मोटरसायकलवर घेऊन गेला. जवळच्याच एका छोट्या दवाखान्यात. वाटेत, गाडी चालवता चालवता, मान मागे वळवून तो सांगत होता, "वहिनी, घरी झालं म्हणा. गोदामात झालं म्हणसान तर मशीन बंद होईन, चौकशी लागीन, अठरा बायांचं काम जाईन. सगळ्या तुमच्या नावानं रडतीन. घरी झालं म्हणा, बाकीचं साहेब पाहून घेते."

रक्ताने भिजलेला दुपट्टा हाताला गुंडाळून मागे बसलेल्या बाईला त्या वेळी काय सुचणार? डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? प्रेमिला म्हणाली, "घरी. दारात सापडलं." माणूस घाबरला की जे सगळ्यांच्या घरी असतं तेच त्याच्या तोंडून निघतं. आपल्या घराला दारच नाही, हे तिला संध्याकाळी पडदा सारून आत शिरताना आठवलं. ती तशीच उंबऱ्यावर खाली बसली.

साहेबाने पहिली पट्टी, पहिल्या गोळ्या यांचे पैसे दिले. मग फोन उचलणं बंद केलं. कामावर नाही तर पगार नाही, असं दुर्गेशमार्फत कळवलं. आठव्या दिवशी बोटांची टोकं काळी पडू लागली, आणि त्याच संध्याकाळी रुखमाबाई आली. रुखमाबाई गोदामातली सगळ्यात जुनी बाई. पन्नाशीची, उंच, बोलणं फटकळ.

"काहून वं, अशी पडून काहून राहिली?" तिने पट्टी सोडून पाहिली आणि तोंडावर पदर घेतला. "बाप्पा! अन् तू घरात बसली? तुयं विम्याचं कार्ड कुठं आहे?"

"ते गेटवर दाखवाचं कार्ड?"

"गेटचं नाही वं. विम्याचं. कामगार विम्याचं."

ते कार्ड तांदळाच्या डब्यामागे, मयुराच्या जन्मदाखल्यासोबत पिशवीत होतं. प्रेमिलाला ते कशाचं आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं.

"दर महिन्याले पगारातून कटते ते कशाचं कटते मंग?" रुखमाबाई म्हणाली. "याच्याचसाठी कटते. तुये बी कटते, साहेबाले बी तुया नावानं भरा लागते. हे कोणी दान नाही देऊन राहिलं. ऊठ, चाल सकाळी."

विमा रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरने जखम बराच वेळ न्याहाळली.

"दारात सापडलं म्हणता?"

"हाव."

"दारात बोट चेंगरतं, बाई. हे दोन्ही बाजूंनी एकसारखं कापलं गेलंय. दोऱ्याने साबण कापावा तसं."

"दारात," प्रेमिला म्हणाली. ती खाली पाहत होती.

त्याने काही वाद घातला नाही. कागदावर काहीतरी लिहिलं, आणि त्या लिहिण्याचीच प्रेमिलाला जखमेपेक्षा जास्त भीती वाटली. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. अंगठ्याशेजारचं बोट आणि मधलं बोट, दोन्ही अर्ध्यावर आली.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर रुखमाबाईने तिला समजावलं. कामावर दुखापत झाली तर हात बरा होईपर्यंत मजुरीचा बराचसा भाग विम्यातून मिळतो. हात पहिल्यासारखा होणारच नसेल, तर किती नुकसान झालं ते डॉक्टर ठरवतात आणि त्या मानाने जन्मभर दर महिन्याला काहीतरी मिळतं. मात्र कामावर झालं असं सांगायला हवं.

"मले भेव वाटते, बाई," प्रेमिला म्हणाली. "खोली जाईन. मयुराच्या बाबाचं काम जाईन. पोरीले घेऊन कुठं जाऊ?"

रुखमाबाईने तिचा पदर सारखा करून दिला. नंतर म्हणाली, "मी तुले नाही सांगत काय कराचं ते. छत तुयं जाणार, माह्यं नाही. पण एक ऐकून ठेव. तुया जागेवर उन्नतीले बसवलं. एकोणीस वर्षांची पोट्टी. अन् जाळी अजून भिंतीलेच आहे."

*

दार बसलं त्या संध्याकाळी मयुरा पहिल्यांदा खोलीच्या मधोमध बसून जेवली. भिंतीला पाठ न लावता. प्रेमिलाने ते पाहिलं, आणि मुकुंदनेही पाहिलं. डाव्या हाताने प्रेमिलाला भाकरी थापता येत नव्हती, म्हणून मुकुंदने भात केला होता. थोडा लागला होता.

"पोरगी किती खूश आहे," तो हळूच म्हणाला.

"हाव."

"जे सांगतलं ते सांगून मोकळी हो. मी बी तेच सांगन. दुसरं करू तरी काय शकतो आपण, सांग?"

प्रेमिलाने डाव्या हाताने मयुराला आणखी भात वाढला. मयुरा झोपायच्या आधी तीनदा उठून कडी पाहून आली. शुक्रवारी शाळेतून आल्यावर तिने दाराच्या आतल्या बाजूला खडूने एक छोटं फूल काढलं आणि आईला विचारलं, "चालते न?" प्रेमिला म्हणाली, "चालते." तिला स्वतःला मात्र त्या बंद दारामागे गुदमरल्यासारखं होत होतं. पडदा होता तेव्हा ती बाहेरच्या माणसांना घाबरायची. आता ती दारालाच घाबरत होती.

शनिवारी सकाळी आठ वाजल्यापासून दुर्गेश येऊन बसला होता, अंगणात उलट्या ठेवलेल्या रंगाच्या डब्यावर. साडेदहाला स्कूटरवरून मॅडम आल्या. उन्हासाठी चेहऱ्याभोवती गुंडाळलेला स्कार्फ त्यांनी सोडला, तेव्हा दिसल्या चाळिशीच्या, चष्मा लावलेल्या, दमलेल्या. त्यांनी आपलं नाव सांगितलं, अश्लेषा. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत फाईल.

"पाणी मिळेल का?" त्यांनी विचारलं.

मयुराने तांब्या-पेला आणून दिला. मॅडमनी पाणी पिता पिता सगळीकडे पाहिलं. शेजारच्या खोलीची रिकामी चौकट, तिच्या पलीकडची रिकामी चौकट, वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या चौकटी. मग हिरवं दार.

"कितवीत आहेस?"

"सहावीत."

"आवडतं काय?"

"गणित."

"अरे वा. मला कधी नाही आवडलं." मॅडम अंगणातल्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी फाईल उघडली. "प्रेमिलाबाई, घाबरू नका. डॉक्टरांनी जखमेबद्दल शंका लिहून पाठवलीय, म्हणून आले. काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा."

प्रेमिलाने सांगितलं. मंगळवारी सकाळी, कामावर जायच्या आधी, घरी, दार लावताना, वारा आला. एकही शब्द चुकला नाही.

"कोणतं दार?"

"हे."

"दाखवता का, हात कुठे होता?"

हे दुर्गेशने शिकवलं नव्हतं. प्रेमिला उठली, दारापाशी गेली आणि पट्टी बांधलेला हात तिने चौकटीवर ठेवला. पहिल्यांदा कडीच्या बाजूला. मग काय वाटलं कोण जाणे, बिजागरीच्या बाजूला. तिने तो डाव्या हाताने धरून ठेवला.

"आणि दार वाऱ्याने लागलं."

"त्या दिवशी वारा लय होता, मॅडम," दुर्गेश मागून म्हणाला.

"तुम्ही इथे होता?"

"नाही... म्हणजे वाडीत होताच न वारा."

मॅडमनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि दाराच्या तासलेल्या पांढऱ्या कडेवरून बोट फिरवलं. परत येऊन बसल्या आणि पेनचं टोपण काढलं.

"प्रेमिलाबाई, मी आता लिहीन ते वरती जाईल. घरी झालं असं लिहिलं, तर तुमचा इलाज होईल, आजारपणाच्या रजेचे थोडे पैसेही मिळतील, आणि प्रकरण इथेच संपेल. कामावर झालं असं असेल, तर हाताचं जे नुकसान झालं त्याचं तुम्हाला जन्मभर मिळायला पाहिजे. आणि मग ते मशीन तपासायलाही कोणीतरी जाईल. मला खरं तेवढं लिहायचंय. लिहू, दारात?"

पेन कागदावर टेकलं होतं. फाटकाशी मुकुंद काठी धरून उभा होता. दुर्गेशच्या खिशात फोन थरथरला, त्याने तो उचलला नाही. प्रेमिलाने मयुराकडे पाहिलं. मयुरा दारात उभी होती आणि तिचा हात कडीवर होता, पाचही बोटं कडीभोवती घट्ट आवळलेली. प्रेमिलाच्या डोळ्यांसमोर दुसराच हात आला, मेंदी लावलेला, उन्नतीचा. तो डब्याचा कोपरा सरळ करत होता.

"मॅडम," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की मॅडमना पुढे वाकावं लागलं. "हे दार परवा लागलं."

"वहिनी!" दुर्गेश उभाच राहिला. "मॅडम, बाईले ताप आहे, काहीबी बोलून राहिली. दार होतं आधी. जुनं होतं, वाळवी लागली होती. साहेबानं पाहिलं, गरीब लोकं आहेत, म्हणून दुसरं बसवून दिलं. मदत कराले गेलो तर हे असं!"

"आधी दार होतं?"

"होतं न! विचारा चौकीदाराले."

मॅडम वळल्या. "काय हो, होतं दार?"

मुकुंदने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मी जी... मी फाटकावर असतो," तो म्हणाला आणि रस्त्याकडे पाहू लागला.

"प्रेमिलाबाई, आधी दार नव्हतं हे दाखवता येईल असं काही आहे? एखादा फोटो? कुणी येणारं-जाणारं?"

फोटो कुणी काढायचा, बिनदाराच्या घराचा? प्रेमिलाने मान हलवली. ती तिथेच पायरीच्या कडेला बसली. सांगायचं ते सांगून झालं होतं, छत तर गेलंच होतं, आणि हातात काहीच आलं नव्हतं. दुर्गेश आता मोठ्याने बोलत होता, साहेब किती चांगले आहेत, बाया कशा उलटतात. मॅडम पेन धरून थांबल्या होत्या.

आणि मयुरा?

मयुराने कडी एकदा वर केली, एकदा खाली केली. मग ती आत गेली. खाटेखाली वाकली आणि तिने घडी केलेला पडदा ओढून बाहेर काढला. जुन्या निळ्या साडीचा, मागून सिमेंटच्या पोत्यांचं अस्तर लावलेला. वाऱ्याने उडू नये म्हणून खालच्या शिवणीत प्रेमिलाने एक सळीचा तुकडा घालून शिवला होता. मयुराला तो जड होत होता. तिने तो खांद्यावर टाकला, अंगणातून दोन विटा आणून चौकटीच्या एका बाजूला ठेवल्या आणि वर चढली. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यांत, बाहेरच्या अंगाला, दोन खिळे होते. दार बसवणाऱ्यांनी बिजागऱ्या पाहिल्या होत्या, खिळे कुणी पाहिले नव्हते. सहा वर्षं दोरी घासून घासून ते चकचकीत झाले होते. तिने पडद्याच्या दोरीचा एक फास एका खिळ्यात अडकवला. उतरली, विटा दुसऱ्या बाजूला नेल्या, पुन्हा चढली, दुसरा अडकवला आणि पडदा सोडून दिला.

सळी खाली आली आणि टण् आवाज करून पायरीवर टेकली. पायरीच्या सिमेंटवर तिथे एक लांब, गुळगुळीत खोबण पडलेली होती, चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सळी बरोबर त्या खोबणीत जाऊन बसली.

दुर्गेशचं बोलणं थांबलं. मॅडम खुर्चीवरून उठल्या, पायरीजवळ उकिडव्या बसल्या, आणि त्यांनी त्या खोबणीत बोट ठेवलं.

मयुराने दोन्ही विटा उचलून जागच्या जागी नेऊन ठेवल्या. हात झाडले. मग पडदा बाजूला सारून ती आत गेली, कोपऱ्यातल्या भिंतीला पाठ लावून, तोंड पडद्याकडे करून बसली, आणि तिने गणिताची वही उघडली.